हजारावी गाठ

करवीर मानाची गाठ स्काउट मंडळात सत्कृत्य करायला बंदी आहे, असा एक गैरसमज कोल्हापुरात पसरलेला आहे. तो दूर व्हावा म्हणून मंडळाचा चिटणीस या नात्यानं मी हा इतिहास लिहीत आहे. बंदी मुळीच नाही. सत्कृत्य केल्यास नुकसान होतं, एवढंच.

मंडळाची स्थापना १९७४ साली ईरप्पा गुरुजींनी केली. गुरुजी सीमेकडच्या एका खेड्यातून आलेले प्राथमिक शिक्षक आणि हाडाचे स्काउट मास्तर. शहरातल्या स्काउटांपैकी चांगली पोरं निवडून त्यांनी हे मानाचं मंडळ काढलं. नियम एकच होता. सकाळी गळ्यातल्या स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारायची. दिवसभरात कुणाचं तरी एक काम करून द्यायचं. केलं, की गाठ सोडायची. नियम इतका साधा होता की त्यासाठी समितीसुद्धा लागत नव्हती, आणि हीच त्यातली उणीव होती. गुरुजींच्या पश्चात मंडळानं ती भरून काढली.

पहिली अडचण म्हशीची आली. एका सदस्यानं वाटेत तहानलेल्या म्हशीला पाणी पाजलं आणि परस्पर गाठ सोडली. असं प्रत्येकजण करायला लागला तर मंडळाला विचारतो कोण? म्हणून गाठ सोडण्यासाठी नमुना 'ग' हा अर्ज आला. तीन प्रती, लाभार्थीची सही, दोन प्रतिष्ठित साक्षीदार. त्या सदस्याचा अर्ज 'लाभार्थीची सही नाही' या शेऱ्यानं परत गेला. गडी जिद्दी होता. त्यानं म्हशीचा खूर शाईत बुडवून तिन्ही प्रतींवर उमटवला. अर्ज पुन्हा परत आला. शेरा होता, 'पाय उजवा की डावा, ते नमूद नाही.'

हे अर्ज मंजूर करायला सत्कृत्य समिती नेमली. समितीची बैठक वर्षातून एकदा बोलावली जाते आणि गणपूर्तीअभावी तहकूब होते. त्यामुळे मारलेल्या गाठी तशाच राहू लागल्या. स्कार्फ भरले, तेव्हा खाली जोडायला पुरवणी स्कार्फ मंजूर झाले. नोकरदारांना रोज गाठ मारणं जमेना म्हणून ती दर रविवारी मारायची ठरली. इथवर सगळं नियमाला धरूनच चाललं होतं.

पण मंडळाचं भाग्य उजळलं ते १९९१ साली. वारणानगरकडून एक वजनदार पाहुणे वार्षिक समारंभाला आले होते. अध्यक्ष आकाराम तात्यांच्या गळ्यातला गाठीगाठींचा स्कार्फ बघून पाहुणे गहिवरले आणि माईकवर म्हणाले, "एवढ्या गाठी, म्हंजे एवढी सत्कृत्यं. धन्य हाय ह्यो माणूस."

खरं म्हणजे सुटलेली गाठ हे सत्कृत्य आणि राहिलेली गाठ हे राहिलेलं काम. हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण घरी आलेल्या पावण्याला चार लोकांत खोटं पाडणं आमच्या कोल्हापुरात बसत नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तेच छापून आलं, आणि छापून आलेलं खोडून काढायचं म्हणजे पुन्हा ठराव आला. त्यापेक्षा नियम बदलणं सोपं होतं.

तेव्हापासून ज्याच्या गाठी जास्त तो मोठा. शंभर गाठींना 'सुरगाठी', पाचशेला 'निरगाठी' आणि हजाराला 'सहस्रगाठी', असे हुद्दे आले. मात्र गुरुजींचा मूळ नियम रद्द करायचं पाप कुणी केलं नाही. परंपरा ती परंपरा. सत्कृत्य घडलं की गाठ आजही सुटते, अर्ज न करता सुटते, आणि तेवढा हुद्दा खाली येतो.

आदर्श नावाच्या सदस्याचं उदाहरण द्यायला हवं. चांगला निरगाठी होता, पाचशे बारा गाठी. महापुरात शिरोळकडं गेला आणि होडीतून माणसं काढत बसला. आठ दिवस काढत होता. माणसं, म्हातारी, शेरडं, एक आख्खी वरात. परत आला तेव्हा स्कार्फ धुऊन काढल्यासारखा कोरा. नियमानुसार त्याला नवशिक्यांत बसवावं लागलं. पाणी ओसरेपर्यंत त्यानं थांबायला हवं होतं, असं समितीचं मत पडलं. पुढच्या पावसाळ्यात मंडळानं सर्व सदस्यांना कोरड्या जागी राहण्याचं परिपत्रक काढलं.

मंडळाच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत गुरुजींचा स्वतःचा स्कार्फ आहे. त्यावर एकही गाठ नाही. पोरंटोरं विचारतात, असं का? आम्ही सांगतो, गुरुजींना मोठेपणाची हाव नव्हती.

आता माझ्याविषयी. मी गुंडू. एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक आहे. २००५ साली तात्यांनीच मला मंडळात आणलं. गेल्या वर्षी मंडळाचा सुवर्णमहोत्सव ठरला आणि त्याच्या आदल्या रविवारी माझ्या नऊशे नव्व्याण्णव गाठी भरल्या. हजारावी गाठ महोत्सवात, व्यासपीठावर, सगळ्या गावासमोर मारायची होती. सहस्रगाठीचा फेटा मंडळाच्या इतिहासात तोवर फक्त तात्यांच्या डोक्यावर चढला होता. खोटं कशाला सांगू, त्या फेट्यासाठी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

धास्ती एकाच गोष्टीची होती. माणसाच्या हातून केव्हा काय भलं होऊन जाईल, सांगता येत नाही. मी कचेरीतून आठवडाभराची रजा काढली आणि घरात बसलो. तरी बुधवारी बायको, अनुजा, म्हणाली, "माळ्यावरचा तेवढा डबा काढून द्या की."

"हे सत्कृत्य धरलं जाईल का?" मी विचारलं.

"बायकोला डबा काढून देणं सत्कृत्य न्हवं," ती म्हणाली. "ह्या घरात त्याला आश्चर्य म्हणत्यात."

आश्चर्याची नोंद नियमावलीत नसल्यानं मी डबा काढून दिला.

रविवारी सकाळी स्कूटरवरून हॉलकडं निघालो. पुढच्या चौकात सिग्नलला थांबलो, तर कडेला इरकली लुगड्यातली एक म्हातारी पिशवी घेऊन उभी होती. माझ्या गळ्यातलं गाठोडं बघून तिनं हात केला आणि कानडी वळणानं हाक मारली. "तम्मा, स्काउटाच्या हॉलवर चाललायस न्हवं? मला मागं घे की."

सीट रिकामी, रस्ता तोच, आणि म्हातारी अशी की नाही म्हणायला तोंड होईना. सिग्नल लाल होता. मी तसाच गाडी पुढं काढली. सिग्नल मोडल्याचा दंड परवडतो, एक गाठ परवडत नाही.

हॉलसमोरच्या मैदानावर मांडव भरला होता. थोड्या वेळानं तीच म्हातारी घामाघूम होऊन केएमटीच्या बसमधून उतरली आणि सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली. ती ईरप्पा गुरुजींची पत्नी, रत्नव्वा, आमची प्रमुख पाहुणी. तिला आणायला कुणी जायचं यावर तीन बैठका झाल्या होत्या. जो जाईल त्याची गाठ सुटणार म्हणून पाहुण्यांनी आपलं आपण यावं, असं एकमतानं ठरलं होतं.

कार्यक्रम ध्वजवंदनानं सुरू झाला. तात्यांच्या दोन हजारांवर गाठी, एकवीस पुरवण्या. गळ्याला नऊ वेढे घेऊन उरलेला लोळणारा भाग मागून दोन सदस्य उचलून धरतात. उचलून धरणं हे त्यांचं नेमून दिलेलं कर्तव्य आहे, त्याला सत्कृत्य म्हणत नाहीत. त्या गडबडीत स्कार्फचं एक टोक मंडळाच्या ध्वजाबरोबर दोरीत बांधलं गेलं. तात्यांनी दोरी ओढली. ध्वज थोडा चढला आणि अडला. चाकाला गंज आला असेल म्हणून तात्यांनी दम धरून पुन्हा ओढली. जसजसे ओढत गेले तसतसे तात्या स्वतःच वर जाऊ लागले. शेवटी ते अंगठ्यांवर उभे राहिले, डोळे मोठे झाले, आणि दोरी चाकात अडकून बसली. हा सुवर्णमहोत्सवी सलाम असावा असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी तात्यांच्या अगदी शेजारी उभा होतो. माझ्या हातात तबक होतं, आणि तबकात स्मरणिकेची फीत कापायची कात्री होती.

उपाध्यक्ष वकील यशराज माझ्या कानाशी आले. "चिटणीस, कात्री तुमच्याकडं हाय."

"हाय. पण ती फितीसाठी मंजूर झालीय."

"तसं न्हवं. अध्यक्षाला सोडवणं कर्तव्य का सत्कृत्य, हे आधी ठरवा. कर्तव्य असंल तर गाठ सुटत न्हाय."

"मग तुम्ही कापा," मी तबक पुढं केलं.

"माझं कर्तव्य सल्ला देणं. तो मी दिला," म्हणून त्यांनी दोन्ही हात मागं बांधले.

मी खिशातली नियमावली काढली. चिटणीसाची कर्तव्यं : इतिवृत्त लिहिणे, सूचना लावणे, चहा सांगणे. गळ्याचा उल्लेख कुठंच नव्हता. मागून आदर्श खुर्च्या ओलांडत धावत आला. पण नवशिक्याला व्यासपीठावर यायला अध्यक्षांची लेखी परवानगी लागते, म्हणून दोघांनी त्याला धरून ठेवलं. कुणीतरी सुचवलं, इथंच सत्कृत्य समितीची बैठक घ्या, पहिल्यांदाच गणपूर्ती झालीय. सूचना उत्तम होती. फक्त बैठक बोलवायला अध्यक्षांची संमती हवी होती. आम्ही सगळ्यांनी वर तात्यांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही. ती हलवण्यासारखी राहिलीच नव्हती.

मला रडू यायला लागलं. ह्या माणसानं मला बोटाला धरून मंडळात आणलं होतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या जांभळ्या होत होत्या आणि माझा हात कात्रीकडं जात होता. पण प्रत्येक वेळी नऊशे नव्व्याण्णव रविवार डोळ्यांपुढं उभे राहत होते आणि हात परत येत होता.

"अय्यो शिवने," म्हणत रत्नव्वा पायऱ्या चढून आली. "बाजूला हो, तम्मा." तिनं माझ्या तबकातली कात्री उचलली आणि तात्यांच्या मानेमागं दोनदा कचकन चालवली. तात्या खुर्चीत धपकन बसले आणि खोकायला लागले. जवळजवळ चाळीस वर्षांच्या गाठी व्यासपीठावर सांडल्या.

रत्नव्वानं त्यातलं एक टोक उचलून निरखलं. "ह्या कसल्या रं एवढ्या गाठी?"

"सत्कृत्यांच्या," मी म्हणालो. "माझ्या बी नऊशे नव्व्याण्णव हायत."

"गुरुजी सांजचं गाठ सुटल्याबिगर ताटावर बसायचे न्हाईत." तिनं मला खालवर पाहिलं. "म्हंजे तू नऊशे नव्व्याण्णव बार उपाशी ऱ्हायला पायजे हुतास. तब्येत तर चांगली दिसतीय की."

माईक चालू होता.

"आणि मगाशी सिग्नलला गाडी पळवलास, त्यो तूच न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग त्याची बी एक मार."

प्रमुख पाहुण्यांची सूचना टाळायची पद्धत आमच्यात नाही. मी स्कार्फचं टोक घेतलं आणि सगळ्या गावासमोर हजारावी गाठ मारली. मांडव दणाणून गेला. वर्तमानपत्रात फोटो आला, खाली ओळ होती, 'संस्थापकांच्या पत्नीच्या आज्ञेवरून हजारावी गाठ.' ओळ सगळी खरी आहे.

घटनेची रीतसर चौकशी झाली. रत्नव्वाच्या सत्कृत्याची नोंद व्हावी म्हणून आदर्शनं तिच्या वतीनं नमुना 'ग' भरून दिला, लाभार्थी म्हणून तात्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली. तरी अर्ज फेटाळावा लागला, कारण साक्षीदार मिळाले नाहीत. आम्ही बाकीच्या चाळीसही सदस्यांनी काहीच पाहिलं नसल्याचं लिहून दिलं आहे. तात्यांच्या स्कार्फवर चौदा गाठी उरल्या, त्यामुळे ते नवशिक्यांत गेले आणि सर्वाधिक गाठींचा मानकरी म्हणून अध्यक्षपद माझ्याकडं आलं. चिटणीसपदही सध्या मीच सांभाळतो. तात्या आता मोकळ्या मानेनं आदर्शबरोबर गावभर हिंडतात. रस्त्यात एवढी माणसं असतात हे ठाऊकच न्हवतं, म्हणतात. आम्हाला त्यांची दया येते, पण करता येत नाही.

माझी मान थोडी अवघडते. डावीउजवीकडं फारसं बघता येत नाही. या पदावर ते सोयीचंच आहे.

ता. क. : हा इतिहास शेवटपर्यंत वाचणाऱ्यास मंडळाचं सहयोगी सदस्यत्व आपोआप मिळतं. अर्जाची गरज नाही. आपली पहिली गाठ आज सकाळीच मारलेली धरली आहे. ती अजून जशीच्या तशी असेल, याची मंडळाला खात्री आहे. अभिनंदन.