सासूबाईंच्या गाडीवर हल्ला

घोड्यावरून मरून पडण्यात माझा हात धरणारा आम्हा नावाहो रेड इंडियनांच्या अख्ख्या मुलखात कुणी नाही! तीन सिनेमांत अकरा वेळा मेलोय, पण तोंड एकदाही दिसलं नाही. म्हणून यंदा बायकोला, एडनाला, छातीठोकपणे सांगितलं, "या खेपेला मी पडद्यावर दिसणारच!" दिग्दर्शक व्हिटलॉकसाहेबांनी शब्दच दिला होता. गोऱ्यांच्या गाड्यांवरच्या हल्ल्यात सगळ्यांत पुढे मी, आणि कॅमेरा थेट माझ्या तोंडावर.

सिनेमातला आमचा सरदार म्हणजे कॅलिफोर्नियाचा एक गोरा, तपकिरी रंग फासलेला. मी व्हिटलॉकसाहेबांना म्हटलं, "साहेब, आमच्यात असला पिसांचा टोप कुणी घालत नाही."

"तू गप रे! इंडियन कसा दिसतो ते तुला काय कळतं?"

घ्या!

हल्ल्याच्या शूटिंगच्या दिवशी गोऱ्या नट्यांची बस वाळूत रुतली. गाड्यांत बसून किंचाळायला बायकाच नाहीत! साहेब म्हणाले, "गोरा रंगवून इंडियन होतो, तर इंडियन बाई पीठ लावून गोरी का नाही होणार?" स्वयंपाकाला आलेल्या एका म्हातारीला पीठ फासलं, झालरीची टोपी घातली, बसवली गाडीत. आम्ही टेकडीमागे, आम्हाला काय ठाऊक!

"सोडा घोडे!"

आरोळ्या ठोकत चाळीसजण सुटलो. अगदी जवळ पोचलो आणि गाडीतून आवाज आला, "अगं बाई, जावई!"

माझ्या सासूबाई! आमच्यात जावयाने सासूचं तोंड पाहिलं तर डोळे जातात. त्यांना सहा मुली, आणि सहाही जावई पहिल्या रांगेत! सहा घोडे गर्रकन वळले. मागच्यांना वाटलं, पुढे काहीतरी भयंकर आहे, तेही वळले. सरदाराचा टोप उडाला, घामाने रंग ओघळला, तरी तो ओरडतोय, "अरे, पळताय कशाला?"

"आधी पळ, मग विचार!"

साहेब थयथयाट करत आले. "रानटी माणूस कुणाला भीत नसतो!"

"साहेब, तुम्हाला सासू नाही का?"

साहेबांनी आधी मागे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ठेवा हाच शॉट."

सिनेमा लागला तसा एडनाला घेऊन गेलो. हल्ला सुरू झाला, मी ऐटीत तिला कोपराने ढोसलं, आणि पडद्यावर भिंतीएवढ्या सासूबाई! मी गपकन डोळे मिटले. बंदुकीचा एक बार ऐकू आला, मग टाळ्याच टाळ्या.

"काय झालं गं?"

"हिरोच्या एका गोळीला चाळीस रानटी पळाले."

"आणि माझं तोंड?"

"दिसलं की! चांगलं मोठ्ठं. पण तिथेही डोळे मिटलेलेच!"