चहा वैशाखऱ्याला

आमचे धर्मा मास्तर कुठल्याही कातळावर एकदम बसत नाहीत. आधी उलटा तळहात टेकवतात, तवा तापलाय का पाहावं तसा, आणि मागं वळून सांगतात, "निवलाय. बसा आता."

निवून कोट्यवधी वर्षं झाली, हे त्यांनीच आम्हाला सांगितलेलं. मुरबाडच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी तिथंच कारकून. "ज्वालामुखी बघाया परदेशी कशाला जाता?" ते म्हणायचे. "आपला सगळा सह्याद्री लाव्हाच हाय. माळशेजचा कडा बघा. ओतला, निवला. ओतला, निवला. घावणावर घावण."

रिटायर झाल्यावर ते माळशेजच्या वाटेवरच्या वैशाखऱ्याला आपल्या घरी गेले आणि लोकांना स्वस्तातल्या सहली आखून देऊ लागले. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर सगळं टाइमासकट लिहीत. एसटी कुठली, सावली कुठं, डबा कुठल्या झऱ्यापाशी सोडायचा. आणि प्रत्येक प्लॅनमध्ये एक ओळ ठरलेली: 'वैशाखरे. चहा आमच्याकडे. पाऊण तास.' दुसऱ्याच दिशेला, शहापूरला माहुली किल्ला चढायला निघालेल्यांनासुद्धा चहा वैशाखऱ्यालाच. भूगोलाच्या मास्तरांना दिशा कळत नाहीत म्हणून आम्ही शाळेत पोट धरून हसायचो. मी स्वतः त्यांच्या प्लॅनवर दोनदा घाट पाहून आलो. चहाची ओळ तेवढी गाळली.

आमची चित्रा सातवीत होती, तेव्हाची दिवाळीची सुट्टी. तीन वर्षं मी तिला "नेतो कुठंतरी" म्हणून झुलवत होतो. वर्गातल्या मुली महाबळेश्वरच्या गप्पा मारायच्या आणि ही गप्प बसायची. ते मला फार लागायचं. शेवटी मास्तरांकडून प्लॅन आणला. तिनं तो पाठच केला. एसटीत मी माळशेजची तिकिटं मागायच्या आत ही कंडक्टरला म्हणाली, "वैशाखरे, तीन."

"अगं, तो चहा राहू दे."

"लिहिलंय ना, बाबा," म्हणत तिनं त्या ओळीवर पेनानं खूण केली.

मास्तर इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. आत फळीवर अकरा कप धुऊन पालथे घातलेले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात, हे मला ठाऊक होतं. कपांचं ठाऊक नव्हतं.

"मास्तर, आम्ही तिघंच आहोत," बायको म्हणाली.

"काल आठ जण यायचे होते. नाय आले. एसटी चुकली असंल. आज येतील म्हणून ठेवलेत." मग माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाले, "तुमची बी दोनदा चुकली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चहा झाला. ओट्याच्या दगडातले पांढरे ठिपके चित्राला दाखवत ते म्हणाले, "लाव्ह्यात हवेचे बुडबुडे अडकले, मग त्यांत ही गारगोटी भरली." तिचे प्रश्न संपेनात. दोन एसट्या निघून गेल्या. निघताना ती म्हणाली, "मास्तर, तुम्हीपण चला ना."

"प्लॅनमधे नाय गो."

तिनं कागद मांडीवर घेऊन लिहिलं: 'मास्तर आमच्याबरोबर.' त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चपला शोधायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

लेकीला मी देऊ न शकलेली सुट्टी त्या माणसानं दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

घाटात कड्यापाशी मास्तर दमून उभे राहिले. चित्रा पुढं झाली, कातळावर उलटा तळहात टेकवला आणि म्हणाली, "निवलाय, मास्तर. बसा आता."