अठ्ठावन्नचा दगड

माझ्या उंबरठ्याला लागून किलोमीटरचा दगड आहे. मोठ्या रस्त्याच्या कडेला असतो तसाच. डोकं हिरवं, अंग पांढरं, आणि त्यावर काळ्या रंगात लिहिलेलं: बेट ३. नवा पाहुणा आला की आधी दगड वाचतो, मग माझ्याकडे पाहतो आणि मग कुठे चपला काढतो. माझ्या भाच्यानं तर विचारलं होतं, मावशी, राज्यमार्ग तुझ्या चुलीतून जाणार आहे काय?

हा दगड आमचे शेजारी शेषरावभाऊ यांनी रोवला. ते आणि माझे मालक बांधकाम खात्यात रस्त्याच्या एकाच गँगवर होते. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं आणि दिवाळीच्या आधी दगडांना रंग द्यायचा, यात दोघांचा जन्म गेला. माझे मालक वारले. शेषरावभाऊ रिटायर झाले, पण दगड रंगवायचं काही सुटलं नाही. विहिरीजवळ दगड आहे, विहाराजवळ आहे, पिठाच्या गिरणीजवळ आहे. गिरणीवाल्यानं एकदा त्यावर पायली ठेवली तर भाऊ त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

दगडावरचा आकडा मात्र खरा असतो. ते पायांनी मोजतात. त्यांची चौदाशे वीस पावलं म्हणजे एक किलोमीटर. निघताना डाव्या खिशात चिंचोके भरतात आणि किलोमीटर पुरा झाला की एक चिंचोका उजव्या खिशात टाकतात. वाटेत कोणी बोलायला लागलं तर हाताचा पंजा वर करतात. पंजा दिसला की आमच्या वस्तीत लोक आपोआप गप्प होतात. न मोजलेली गोष्ट त्यांना चालत नाही. कोणी म्हणालं, फाटा इथून जवळच आहे, की ते विचारतात, "जवळ म्हंजे किती? मोजून सांगा."

घरात ते एकटेच असतात. त्यांच्या बायको विमलबाई अकोल्याला जुन्या शहरात मुलाकडे राहतात. किती वर्षं झाली, का गेल्या, हे वस्तीत कोणी विचारत नाही. विचारलं तर भाऊ फाट्याचं अंतर सांगतात.

आता बेटाचं सांगते. आमचं जुनं गाव धरणात गेलं आणि आम्हाला तीन किलोमीटरवर ही वस्ती मिळाली. गावाची वरची आळी उंचावर होती, ती बुडाली नाही. चारी बाजूंनी पाणी आलं आणि आळीचं बेट झालं. घरांचे ओटे, चार कडुनिंब आणि विमलबाईंनी लावलेली सीताफळाची झाडं तेवढी वर राहिली. तिकडे कोणी फिरकत नव्हतं. लोक गाड्या भरभरून परतवाड्यावरून वर मेळघाटात जातात. आमच्या फाट्यावर थांबतात ते पंक्चर काढायला.

भाऊंच्या मनात आलं की लोकांनी बेट पाहायला यावं. पण कसं यावं हे त्यांनी आधी मोजून ठेवलं. मोटारीची नाव नको, पाखरं उडतात. वल्ह्याची नाव. एका वेळी अकरा माणसं, एक जास्त नाही. जेवण पळसाच्या पत्रावळीवर. ज्यानं जो कागद, जी पिशवी नेली ती त्यानंच परत आणायची. बेटावर सिमेंट नाही. पडक्या घरांच्या दगडांची पायवाट त्यांनी स्वतः रचली, दोन खड्ड्यांचा संडास बांधला, आणि तिथेही दगड रोवला: संडास ६० पावले. बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धा किलोमीटरही नाही, पण त्यावर नऊ दगड आहेत. कोणता अकोट दाखवतो, कोणता परतवाडा, कोणता आमची वस्ती. पाण्यावरचं अंतर कसं मोजलं म्हणाल, तर दोराला गाठी मारून. दोराचं एक टोक नावाड्याच्या कमरेला आणि दुसरं निंबाला. नावाडी दोनदा पाण्यात पडला, तेव्हा भाऊंनी त्याला विचारलं, कितव्या गाठीवर पडला?

नऊ दगडांपैकी एकावर गावाचं नाव नाही. नुसता आकडा आहे, ५८. तो विमलबाईंच्या सीताफळांपाशी आहे. लोक म्हणायचे, इथं भाऊंचे चिंचोके सांडले असतील.

मला त्यांनी रोडग्यांचं काम दिलं. दर रविवारी धरणाच्या काठावर मी गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजते, वांग्याची भाजी करते आणि टोपलं नावेत चढवते. लोकांशी बोलावं लागत नाही म्हणून मी हो म्हटलं. मी स्वतः कधी नावेत बसले नाही, मला पाण्याचं भय वाटतं. माणशी दोन प्रमाणे बावीस रोडगे. भाऊ ते मोजून घेतात आणि एकावर एक ठेवून उंचीही पाहतात. "वैनी, हा खालचा बारीक हाय," म्हणतात. मी म्हणते, भाऊ, पोटात गेल्यावर सारखाच होतो. ते ऐकत नाहीत, तो बाजूला काढतात आणि स्वतः खातात.

नावेत जागा बारा आहेत. नावाडी मागे उभा असतो आणि भाऊ पुढे उभे असतात, कारण गँगमन कामावर बसत नसतो. म्हणजे बारा लोक आरामात बसतील. तरी भाऊ अकराच घेतात. निघायच्या आधी फडक्यानं सगळ्या जागा पुसतात, बारावी पहिल्यांदा. अमरावतीचं एक कुटुंब बारा जणांचं आलं होतं. आजीबाईंना काठावर ठेवायची वेळ आली. शेवटी त्यांचा जावईच रुसून मागे राहिला आणि माझ्यासमोर बसून दोन तास फोन पाहत होता. बारावी जागा कोणाची, असं विचारलं की भाऊ म्हणतात, "राखीव हाय."

हे सगळं दोन हिवाळे नीट चाललं. मग आमच्या सरपंचांच्या मनात पूल आला. बेटापर्यंत सिमेंटचा पूल, बेटावर हॉल, रंगीत लाइट आणि फोटो काढायला मोठं लाल काळीज. ते मला म्हणाले, काकू, पाचशे माणूस येईल, तुमचे रोडगे कमी पडतील. भाऊ म्हणाले, पाचशे माणूस म्हणजे हजार पाय, ओटे राहतील का? सरपंच म्हणाले, "शेषरावकाका, तुमी बह्याड हा, पुरे येडे. बेट काय तुमच्या सासऱ्याचं हाय?" भाऊ म्हणाले, "सासऱ्याचं गाव इथून बावीस किलोमीटर हाय." लोक हसले, पण भाऊ खरंच अंतर सांगत होते.

मग वरून कळलं की नाव चालवायला परवानगीचा कागद लागेल. कागद मिळाला तर बेट भाऊंच्या रीतीनं चालेल. नाही मिळाला तर नाव बंद, आणि मग पुलाची फाइल पुढे सरकेल. भाऊंना ती दिवाळी गोड लागली नाही. अर्ज मी लिहिला, कारण भाऊंचं शिक्षण दुसरी आणि माझं चौथी. वस्तीत शिकलेली पोरं पुष्कळ आहेत, पण माझं अक्षर मोठं आणि सरळ आहे आणि मी मधे प्रश्न विचारत नाही, म्हणून भाऊंना माझाच हात पाहिजे होता.

पाहणीला अकोल्याहून मॅडम आल्या. त्यांच्यासोबत इंजिनियर, बाबू, पंचायतीचे मेंबर आणि सरपंच. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून काठावर उभे होते. एकेकाला हात देऊन नावेत घेत होते आणि तोंडानं मोजत होते. अकरावा म्हणून एक मेंबर बसला. बारावे सरपंच. भाऊंनी त्यांच्यापुढे हात आडवा केला.

"मी सरपंच हाय, काका."

"हो. पण तुमी बारावे हा."

मॅडम म्हणाल्या, जागा तर दिसते आहे. भाऊ म्हणाले, राखीव आहे. मॅडमनी नावेतल्या त्या रिकाम्या, पुसलेल्या जागेकडे पाहिलं, वहीत काही लिहिलं आणि नाव सुटली. सरपंच माझ्या चुलीपाशी येऊन बसले. त्यांनी रागानं चार रोडगे खाल्ले. प्रत्येक घासाला म्हणत होते, हा माणूस स्वतःच्या हातानं कागद बुडवतो. मलाही तेच वाटत होतं. मी त्यांना भाजी वाढली.

तिकडचं मला नावाड्यानं सांगितलं. मॅडमना पायवाट आवडली. संडास आवडला, साठ पावलं त्यांनी स्वतः चालून पाहिली, त्यांची चौऱ्याऐंशी भरली. भाऊ म्हणाले, पाय लहान आहेत. मग त्या अठ्ठावन्नच्या दगडापाशी थांबल्या आणि त्यांनी विचारलं, हे कुठलं अंतर? भाऊ, ज्यांना अंतर विचारायचीच खोटी असते, ते पाण्याकडे पाहत राहिले. मॅडमनी दोनदा विचारलं. मग त्याही पाण्याकडे पाहू लागल्या.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. सगळं बरोबर होतं. एका ठिकाणी लाल पेनानं खूण होती. आसनं बारा, प्रवासी अकरा, तर राखीव आसन कोणासाठी ते लिहावे, त्याशिवाय परवानगी देता येणार नाही. सरपंचांना कळलं तेव्हा ते म्हणाले, त्यात काय, माझं नाव लिहा.

भाऊंनी अर्ज घरी नेला. दुसऱ्या दिवशी तसाच परत आणला. मी पेन घेऊन बसले, ते लाल खूण पाहून परत गेले. तीन दिवस असंच झालं. मी म्हटलं, भाऊ, ती जागा सोडून द्या, बारा माणसं न्या, नाव तर चालू राहील. ते म्हणाले, मग नाव कशासाठी चालवायची?

चौथ्या दिवशी ते सकाळी आले. हातात बिस्किटाचा जुना डबा होता. माझ्यापुढे उघडून ठेवला. आत चिंचोके होते.

"मोजा, वैनी."

मी मोजले. अठ्ठावन्न. दोन एकमेकांना चिकटले होते म्हणून पुन्हा मोजले.

मग त्यांनी सांगितलं. गाव उठलं तेव्हा विमलबाईंना मुलाजवळ अकोल्याला राहायचं होतं. भाऊंनी त्यांना न विचारता इथल्या प्लॉटवर सही केली. का, तर पट्टी लावून पाहिली तेव्हा हा प्लॉट बाकीच्यांपेक्षा सात फूट लांब भरला. आनंदानं घरी जाऊन त्यांनी तेच सांगितलं, सात फूट जास्त. विमलबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी सारं मोजलं. मले इचारलं नाई." दुसऱ्या दिवशी त्या एसटीत बसल्या.

"मंग तुमी आणायले गेले नाई?" मी विचारलं. भाऊंना मी कधी काही विचारलं असेल तर ते त्याच दिवशी.

"गेलो ना. जुन्या घरून, सीताफळापासून पायी गेलो. दोन दिवस लागले. अकोटात जिनिंगच्या आवारात मुक्काम केला. मोर्णेचा पूल उतरलो, गल्लीत गेलो. ओट्यावर बसून गहू निवडून राह्यली होती. तिथं अठ्ठावन्न पुरे झाले."

"मंग?"

"मंग परत आलो."

"काहून?"

"काय म्हनू तिले? मोजाले आलो म्हनू?"

ते डब्याचं झाकण लावत बसले. झाकण वाकडं होतं, बसत नव्हतं. मी अर्ज पुढे ओढला आणि लाल खुणेपाशी माझ्या मोठ्या, सरळ अक्षरात लिहिलं: विमलबाई शेषराव, अकोला. त्यांनी वाचायला सांगितलं. मी वाचलं. पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, अंतर नाही लिहिलं? मी म्हटलं, भाऊ, तेवढी जागा नाही.

मॅडमनी काय विचार केला मला माहीत नाही. कागद मंजूर होऊन आला. नियमाप्रमाणे तो काठावरच्या फळ्यावर लावावा लागतो, म्हणून लावला आहे. नाव वल्ह्याची, प्रवासी अकरा, बारावे आसन राखीव, विमलबाई शेषराव, अकोला. खाली गोल शिक्का. सरपंच तो फळा वाचून आले आणि त्यानंतर पुलाचं काही बोलले नाहीत. लाल काळीज आता शाळेच्या गेटवर लावणार आहेत म्हणतात.

पाहुणे फळा वाचतात आणि विचारतात, या विमलबाई कोण? आम्ही थांबू का त्यांच्यासाठी? भाऊ फडकं झटकतात, एकदा फाट्याकडच्या रस्त्याकडे पाहतात आणि म्हणतात, "वाटेत हाये." मग नावाड्याला सांगतात, सोड.

मी त्या रविवारपासून चोवीस रोडगे करते. भाऊ टोपल्यापाशी बसून दर वेळी मोजून घेतात, उंची पाहतात, बारीक असेल तो बाजूला काढतात. दोन जास्त का, हे त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.