एकोणीस पाहुणे, दहा नारळ

हाडवळे सरांनी मंचाकडे पाहिलं आणि खुर्च्या पुन्हा मोजल्या. पाहुणे बोलावले होते सहा, खुर्च्यांवर बसले होते एकोणीस. नारळ होते दहा.

कॉलेज डिंभ्याच्या वाटेवरचं, चार खोल्यांचं. एक कला शाखा, तीन प्राध्यापक आणि सावळेराम शिपाई. यंदा पहिल्या वर्षाला वीस मुलं भरली नाहीत तर वर्ग बंद, असं पत्र आलं होतं. वर्ग बंद म्हणजे हाडवळे सर घरी. म्हणून वरच्या गावांतली बारावीची तीस मुलं त्यांनी कॉलेजची ओळख करून द्यायला एसटीने आणवली होती. परतीची गाडी सव्वाचारला. सरांनी तासाभराचं भाषण तोंडपाठ केलं होतं.

पण आधी सत्कार. मंचावर बसलेल्याचा सत्कार राहिला तर तो जन्मभर लक्षात ठेवतो, आणि ज्याच्या हस्ते करवला त्याचाही करावाच लागतो. संस्थेचे अध्यक्ष कुशाबांनी सरांच्या कानात उपाय सांगितला. "नारळ फिरवा. सांभाळून ठेवतो म्हणायचं अन् मागच्या दारानं आणायचा. कुणाला कळतंय?"

सर मागच्या खोलीत बसले. सावळेराम नारळ नेऊ-आणू लागला. पाहुणे मात्र पक्के निघाले. नऊ जणांनी आपापला नारळ मांडीत असा धरला की सुटेचना. उरल्या एकावर बाकीच्यांचे सत्कार चालले आणि शेवटी सरपंच भिमाजींचं नाव पुकारलं गेलं. नारळ नव्हता, सावळेरामही नव्हता.

सरपंच शाल पांघरून, हात पुढे करून उभे. सर घाबरून सभागृहात डोकावले. बाकं रिकामी होती. तिसातलं एकही मूल नव्हतं, आणि स्वतःच्या सत्कारात गुंतलेल्या मंचावर कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. झालं, कॉलेज बुडालं, असं म्हणत सर धावत थांब्यावर गेले. तिथे दोन शेळ्या होत्या.

परतताना ग्रंथालयातून हसणं ऐकू आलं. सरांनी दार ढकललं. तीसच्या तीस मुलं जमिनीवर बसलेली, ज्याच्या त्याच्या हातात पुस्तक, मध्ये फोडलेला नारळ आणि गुळाचा खडा.

सावळेराम सांगत होता, "पुस्तकं घरी न्यायला मिळत्यात. कांदे काढून उशिरा आलात तरी वर्गात घेत्यात. हाडवळे सरांना कायबी इचारा, चिडत न्हाईत. निस्तं भाषणाला बसू नका."

सरांना पाहून तो उभा राहिला. "पोरं सकाळपासनं उपाशी व्हती सर. हातात नारळ व्हता."

सर रागवणार तोच आरती नावाची मुलगी पुढे आली. "सर, फॉर्म कुठं मिळंल? आमी तेवीस जण हाय."

सरांचे डोळे भरून आले. फॉर्म भरले गेले, गाडीही मिळाली. सर मंचावर परतले तेव्हा सरपंच अजून तसेच उभे होते. सरांनी घडलं ते सगळं सांगितलं. कुशाबा गहिवरून म्हणाले की सावळेरामचा सत्कार आत्ताच्या आत्ता झाला पाहिजे.

"आधी माझा ऱ्हायलाय," सरपंच म्हणाले.

नारळासाठी सगळ्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. दारात सावळेराम तोंड पुसत उभा होता.

"मला नको साहेब," तो म्हणाला. "माझा खाऊन झालाय."