एक वीत, चार बोटं

अनोळखी माणसाच्या छातीपर्यंत बिनदिक्कत हात नेणारी माणसं जगात दोनच. एक डॉक्टर आणि दुसरे आमचे यासीनभाई. डॉक्टर निदान 'श्वास घ्या' तरी म्हणतो. यासीनभाई काहीच म्हणत नाहीत. गाडीच्या खिडकीतून अर्धे आत शिरतात, अंगठा स्टिअरिंगच्या मधोमध टेकवतात, करंगळी गाडीवाल्याच्या छातीकडे ताणतात आणि तिच्यापुढे दुसऱ्या हाताची चार बोटं आडवी धरतात. ती चार बोटं मध्ये मावली तर गाडी पास. दबली, तर एकच शब्द. "सीट मागं."

"का?" असं कुणी विचारलंच, तर यासीनभाई स्टिअरिंगच्या पोटावर टिचकी मारतात. "हितं आत एअरबॅग झोपलीय. उठली की तिला पसरायला जागा लागती. तुमी जागा ठिवली न्हाई, तर ती तुमच्या तोंडात जागा करती. एक वीत, चार बोटं. त्याच्या आत न्हाई बसायचं."

आता हा प्रकार चालतो कुठे, ते सांगतो. सोमाटण्याच्या पुढे, परंदवडीच्या अलीकडे बबनशेठची जमीन आहे. शेठनी तिथे आधी बंगल्यांचे प्लॉट पाडले. ते खपेनात. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की, शेठ, मुंबई-पुण्याची पोरं लोणावळ्याला येताना हायवेवर गाड्या पिदडतात, त्यापेक्षा तुमच्या रानात पिदडू द्या की. शेठनी वर्षाच्या आत नागमोडी डांबरी ट्रॅक काढला. आता दर रविवारी सकाळी लोक आपली रोजची गाडी घेऊन येतात. म्हणजे सोमवारी ज्या गाडीतून पोराला शाळेत सोडायचं, तीच रविवारी आमच्याकडे आणून तिचा जीव काढायचा.

मी शाळेतून रिटायर झालेला मास्तर. राहतो घोरावाडी स्टेशनाजवळ. घरात बसून बायकोच्या नाकी नऊ आणले, तेव्हा तिनेच मला या नोकरीत ढकललं. गेटपाशी टेबल टाकायचं आणि फॉर्म भरून घ्यायचे, एवढंच काम. फॉर्मच्या तळाशी छापलंय की माझ्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार मी स्वतः. त्याखाली लोक न वाचता सही ठोकतात आणि वर "पेन छान आहे हो" म्हणतात. आयुष्यभर मी पोरांना 'आधी वाच, मग लिही' शिकवलं. जाऊ द्या.

यासीनभाई साठीचे. मेंदी लावलेली दाढी, काडीसारखे पाय, आणि अंगात दोन माणसं मावतील एवढं चमकणारं पिवळं जाकीट. सोमाटण्याच्या चौकात त्यांचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान होतं. सीट कव्हर, मॅटिंग, आरशाला लटकवायच्या माळा. बरं चाललेलं दुकान त्यांनी एक दिवस बंद केलं. धंदा बसला असेल, असं आम्ही धरून चाललो. पहिल्या रविवारी ते ट्रॅकवर नुसते बघायला आले, आणि तासाभरात तीन गाडीवाल्यांना झापून मोकळे झाले. शेठ तसा हुशार. चहा आणि दोन वडापाववर असा करडा माणूस मिळतोय म्हटल्यावर त्याने लगेच जाकीट देऊन टाकलं.

हेल्मेट आणा, असं आम्ही फोनवर बजावतो. लोक काय काय आणतात! एकाने क्रिकेटचं आणलं. एक साइट इंजिनिअर पिवळी टोपी घालून आला. यासीनभाईंनी ती हातात घेऊन वाजवली. "साहेब, हे वरनं वीट पडली तर. हितं वीट तुमी हाय." ट्रॅफिक पोलिसाला दाखवण्यापुरती जी अर्धी वाटी मिळते, तिच्यावर तर त्यांचा खास राग. "तोंड उघडं, आन् समोर एअरबॅग. म्हंजे दार उघडं ठिवून चोराला चहाला बोलावणं." हनुवटी झाकणारं पुरं हेल्मेट हवं, पट्टा आवळलेला हवा. मग ते हेल्मेट दोन्ही हातांत धरून असं गदागदा हलवतात की आतला माणूस सगळं कबूल करेल. हेल्मेटबरोबर डोकं हललं तर पास. नुसतं हेल्मेट फिरलं तर, "कुणाचं मागून आणलंय?" उत्तर बहुतेक वेळा 'मेव्हण्याचं' असतं.

पण खरी गंमत देवांची. आपल्याकडे नवी गाडी आली की डॅशबोर्डावर देव बसतोच. नेमका शेजारच्या सीटसमोरच्या एअरबॅगच्या झाकणावर, चांगला डिंक लावून पक्का. यासीनभाई गाडीला हात लावण्याआधी चपला काढतात आणि मला हाक मारतात. "मास्तर, तुमी या. देव तुमी उचला." मग मी दोन्ही हातांनी देव सोडवायचा आणि माझ्या टेबलावर धुतलेल्या रुमालावर ठेवायचा. गाडीवाला कुरकुरतो, "अहो, रक्षण करायलाच ठेवलेत ना!" यासीनभाई शांतपणे सांगतात, "झाकण उडालं की देव आधी तुमच्या पोराकडं येणार. देवाच्या हातनं असलं काम करून घ्यायचं न्हाई."

दहा वाजेपर्यंत माझ्या टेबलावर देऊळ थाटलेलं असतं. चार गणपती, दोन मारुती, तीनचार एकवीरा आई, एखादी क्रुसावरची येशूची मूर्ती, आणि यासीनभाईंनी स्वतःच्या माणसांकडून तितक्याच कडकपणे काढून घेतलेल्या कुराणातल्या आयतांच्या काचेच्या चौकटी. एकदा दोन गणपतींची अदलाबदल झाली. उजव्या सोंडेचा गेला पिंपरीला आणि डाव्या सोंडेचा चिंचवडला. तीन दिवस मला फोन. "मास्तर, आमचा कडक होता हो, हा फारच मवाळ निघाला!" तेव्हापासून प्रत्येक देवाखाली गाडीच्या नंबरची चिठ्ठी.

आणि क्लिपा. बेल्ट न लावता गाडी चालवली की गाडी टिंगटिंग ओरडते. तिचं तोंड बंद करायला बाजारात एक लोखंडी जीभ मिळते. बेल्टच्या खाचेत ती खुपसली की गाडी गप्प, आणि बेल्ट बापडा खांबावर लोंबकळत. ट्रॅकवर बेल्ट बांधायचाच, मग क्लिप कशाला? तर सवय! लोक बेल्ट मागे सोडून यायचे आणि विसरायचे. यासीनभाईंना क्लिप दिसली की ते हात पुढे करायचे. "आना." ती त्यांच्या फरसाणाच्या रिकाम्या डब्यात पडायची, खण्ण. डब्यात गेलेली क्लिप परत मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. माझी स्वतःची गाडी मी पाण्याच्या टाकीमागे लावायचो. कारण, सांगून टाकतो, क्लिप माझ्याही गाडीत होती. माझं पोट आणि तो बेल्ट यांचं पहिल्यापासून पटलं नाही.

दर रविवारी यासीनभाई तीन-चार गाड्या गेटवरून माघारी पाठवायचे. एकदा शेठनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, मी काय ह्या म्हाताऱ्याचं घोडं मारलंय? गिऱ्हाईक पळवून लावतोय. आता आणखी एक गाडी माघारी गेली ना, तर हा घरी. आन् ते त्याला तुमी सांगायचं. तुमचं जमतंय."

आणि पुढच्याच रविवारी कोण यावं? शेठचे जावई.

नवी कोरी गाडी, सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. पूजेचा हार बॉनेटवर वाळत पडलेला. डॅशबोर्डावर वीतभर उंचीचा पितळी देव, बेल्टच्या खाचेत क्लिप आणि डोक्यावर अर्धी वाटी, तिला दोन लाल शिंगं. मी फॉर्म पुढे केला आणि मनात म्हटलं, यासीनभाई, आजच्या दिवस डोळे मिटा.

कसले मिटतायत! चपला काढून हजर.

"मी कोण आहे, माहितीये का?" जावई म्हणाले.

"जावईबापू हाय. म्हणून तर! दुसऱ्याला एकदा सांगतो, तुमाला दोनदा सांगतो. देव काढा, क्लिप काढा, पुरं हेल्मेट घाला."

देव मी उतरवला. क्लिपेवर गाडं अडलं. बेल्टने शर्ट चुरगळतो म्हणे. यासीनभाईंनी स्वतःचं पुरं हेल्मेट आणून दिलं, तर "दुसऱ्याचं घामट मी घालत नाही." यासीनभाई गाडीसमोर उभे राहिले. जावयाने हॉर्न वाजवला. यासीनभाई हलले नाहीत. त्यांचं जाकीट तेवढं वाऱ्याने फुगत होतं.

शेवटी जावयाने गाडी वळवली. सासऱ्याच्या दारातून जावई माघारी गेला! मावळात याचा अर्थ काय होतो, ते लेकीच्या बापाला विचारा. लग्नात मानपानावरून उठलेला जावई दोन माणसं पाठवली की परत येऊन जेवायला बसतो. हा थेट लोणावळ्याला जाऊन पोहोचला आणि देव माझ्या टेबलावरच राहिला. दुपारी शेठचा फोन आला. "मंगळवारपर्यंत म्हाताऱ्याला सांगा. पुढच्या रविवारी मला तो गेटवर दिसायला नको."

मंगळवारी सकाळी मी परंदवडीला यासीनभाईंच्या घरी गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. 'यासीनभाई, आता वय झालं, जरा आराम करा.' मास्तरकीत दुसरं काही आलं नाही तरी असली गुळगुळीत वाक्यं जमतात.

घराच्या ओट्यावर पंचेचाळिशीचा एक माणूस रेडिओ ऐकत बसला होता. काळा चष्मा, आणि कपाळापासून गालापर्यंत ओढल्यासारखी कातडी. मी गाडीतून उतरायच्या आत तो हसला. "मास्तर ना? भाई सांगतोच, मास्तरांच्या गाडीचा इंजिनाचा पट्टा लांबनं केकाटतो. मी सलीम, त्याचा धाकटा. बसा. भाई चा टाकतोय."

मी बसलो. यासीनभाईंना भाऊ आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

"परवा जावईबापूंची लय मजा झाली म्हणं!" सलीम मांडीवर थाप मारून हसला. "शिंगं व्हती व्हय खरंच? भाई घरी आला की मला सगळं सांगतो. कोण आलं, कुणी काय घातलं, कोण चिडलं. मग डबा हितं वततो." त्याने शेजारचा फरसाणाचा डबा ओढला आणि क्लिपा बोटांनी चाचपत एकेक करून परत आत टाकू लागला. "आठवडाभर मी रविवारचीच वाट बघतो, मास्तर. मला दुसरं काय काम हाय?"

यासीनभाई चहा घेऊन बाहेर आले. डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"टिंगटिंगनं ह्याचं डोकं उठायचं. कंपनीची गाडी चालवायचा ना. म्हणला, भाई, कायतरी कर. दुकानात क्लिपांचा ढीग पडलेला. एक आणून मीच बसवली, माझ्या हातानं." त्यांनी हात पुढे करून दाखवला. "गाडी ठोकली. लय जोरात बी न्हवती. गाडीला वाटलं, माणूस बांधलेला हाय. आन् माणूस मोकळा. एअरबॅग उठली तवा ह्याचं तोंड तिच्यावरच पोचलं व्हतं. गाडीला आमी खोटं सांगितलं, मास्तर. तिचा काय दोष?"

"पुरे की भाई," सलीम म्हणाला. "चा निवतोय."

एवढे रविवार या माणसाच्या हाताची मी चेष्टा केली. घरी बायकोला नक्कल करून दाखवली, ती पोट धरून हसली. मला माझीच लाज वाटली.

यासीनभाईंनी कप खाली ठेवला. "शेठनी धाडलंय ना तुमाला? सांगा. मी वाईट न्हाई वाटून घेणार." असं म्हणताना ते माझ्याकडे नाही, सलीमकडे बघत होते. सलीमची डब्यातली बोटं थांबली होती.

"हो, शेठनीच धाडलंय," मी म्हटलं. "येत्या रविवारी गाड्या जास्त आहेत. साडेसहाला या, सात नको."

परत गेल्यावर शेठला फोन करून सांगायचं ठरवलं, की म्हातारा घरी तर मास्तरही घरी. फॉर्म जावयाकडून भरून घ्या आणि देवही त्यांनाच सांभाळू द्या. शेठ शिव्या देईल. देऊ दे. माझ्यासारखा फुकटात शुद्धलेखन तपासणारा माणूस त्याला दुसरा मिळायचा नाही.

मी गाडीत बसलो, गाडी सुरू केली आणि गियर टाकला.

"मास्तर!" ओट्यावरून सलीम ओरडला. "टिंगटिंग न्हाई वाजलं. आन् खटका बी न्हाई वाजला!"

पाण्याच्या टाकीमागे लपवलेली चोरी आंधळ्या माणसाने कानाने पकडली होती. यासीनभाई ओटा उतरून खिडकीशी आले. रागावले नाहीत. नुसता हात पुढे केला. "आना."

मी क्लिप काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती ओट्याकडे फेकली, सलीमने फरशीवर चाचपून उचलली आणि डब्यात टाकली. खण्ण.

मग यासीनभाई खिडकीतून आत वाकले. अंगठा स्टिअरिंगवर, करंगळी माझ्याकडे, पुढे चार बोटं. ती माझ्या छातीत रुतली. "सीट मागं," ते म्हणाले, आणि मी सीट मागे केली. त्यांनी पुन्हा मोजलं. आता बोटं नीट मावली, तरी त्यांनी हात लगेच काढला नाही. तळवा माझ्या छातीवर तसाच टेकवून ठेवला.

"बांधा, मास्तर."

मी पोट आत घेतलं आणि बेल्ट ओढला. खटका वाजला.

"व्हय," ओट्यावरून सलीम म्हणाला. "आता जावा."