तीन आंब्यांचं गणित

मराठी मंडळाच्या आनंदमेळ्यात फकिरा फिटरनं भंगारातून बनवलेलं एक यंत्र ठेवलं होतं, आणि त्यानं श्यामरावांची झोप उडवली होती. रुपया टाकायचा, दांडा ओढायचा, तीन चाकं गरगरणार. तिन्हींवर आंबा आला की डब्यातली सगळी रक्कम तुमची. प्रत्येक रुपयातले आठ आणे मंडळाला, आठ आणे डब्यात. तीन दिवस आंबे काही जुळले नव्हते. डब्यावर खडूनं आकडा लिहिला होता, शंभर.

श्यामराव स्टील प्लांटात क्लार्क. माल किती घातला आणि किती निघाला, हे लिहिण्यात त्यांचा जन्म चाललेला. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं.

"एका चाकावर पाच चित्रं. म्हंजे सव्वाशे खेपेत आंबे एकदा. डब्यात सव्वाशे झाले का पैसा पुरा वापस. त्याच्या आधी खेळनारा बावळट!"

हे पोटात ठेवायचं, तर गृहस्थानं प्लांटच्या वसाहतीतल्या साऱ्या सेक्टरला सांगितलं! चौथ्या दिवशी यंत्राभोवती ही गर्दी, पण खेळेना कोणी. सगळे सव्वाशेची वाट पाहत उभे.

"मंडळाचा धंदा बसवला तुमी," फकिरा करवादला. "आता तुमीच वाढवा डबा!"

श्यामरावांना ते पटलं, हेच नवल. खिशात घरच्या गॅस सिलिंडरचे पन्नास रुपये होते. एकेक रुपया टाकून ते दांडा ओढू लागले आणि पुटपुटू लागले, "आत्ता नको लागू रे बावा!" एकदा दोन आंबे आले तेव्हा त्यांना घामच फुटला. तिसऱ्या चाकावर वांगं आलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पन्नासावा रुपया गेला. फकिरानं खडूनं लिहिलं, सव्वाशे. श्यामरावांनी खिसा चाचपला. रिकामा!

"एक रुपया द्या न कोनी!"

"आता देनारा बावळट!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि ढकलाढकली सुरू झाली. तेवढ्यात श्यामरावांना शोधत आलेल्या त्यांच्या बायकोला, रत्नमालाबाईंना, फकिरानं पुढे घेतलं. "या वहिनी, लेडीज पहिले."

बाईंनी रुमालातला रुपया टाकला. खडखड झाली. आंबा, आंबा, आंबा.

"अवो, एकाच रुपयात!" पदरात नाणी घेत त्या ओरडल्या.

"म्हंजे... किती टक्के झाले?" श्यामराव गोंधळून पेन्सिल शोधू लागले.

"टक्के राहू द्या. सिलिंडरवाला सकाळी येऊन राहिला. पन्नास रुपये काढा."

श्यामरावांनी पदराकडे बोट दाखवलं. "त्याच्यातच हायेत. पैसा पुरा वापस आला न."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि पदराला घट्ट गाठ मारली.

"हाव, आला. पन मले. तुमचे पन्नास बाकी हायेत."