कर्णिकमामांचं अर्थिंग

कर्णिकमामांनी रेडिओ आणला आणि एकवीस दिवस तो लावलाच नाही. सोबतच्या माहितीपुस्तकाची पानं एकवीस होती आणि मामा रोज एकच पान वाचत. गोदीच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला माणूस. "आधी सर्क्युलर, मग कारवाई," हे त्यांचं ब्रीद. स्वतःच्या लग्नातही त्यांनी भटजींकडे विधींची लेखी यादी मागितली होती म्हणे.

आमच्या गिरगावातल्या चाळीला मात्र एवढा धीर नव्हता. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, रोज सभा, रोज मोर्चा, आणि तिसऱ्या मजल्यावर रेडिओ फक्त मामांकडे. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला आम्ही त्यांच्या दारात घुटमळायचो. मामा चष्म्यावरून बघत सांगायचे, "आज सहावं पान. भिंतीपासून सहा इंच." की फूटपट्टी निघायची. सेट सहा इंच पुढे सरकला, खाट त्याच्याही पुढे, आणि मामा स्वतःच्याच खोलीत खेकड्यासारखे आडवे चालू लागले.

नवव्या पानावर गाडं अडलं. अर्थिंगची तार ओल्या मातीत पुरा, असं पुस्तक म्हणत होतं. तिसऱ्या मजल्यावर माती एकाच ठिकाणी होती, गॅलरीतल्या मामींच्या तुळशीच्या कुंडीत.

मामींना जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून मामा त्या कुंडीकडे फिरकले नव्हते. तुळशीच्या काटक्या झाल्या होत्या. एकदा आईने पाणी घालायला घेतलं, तर मामांनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "राहू द्या वहिनी," एवढंच म्हणाले. स्वतः घालत नाहीत आणि दुसऱ्याला घालू देत नाहीत, म्हणून आई घरी येऊन धुमसत राहिली. मलाही तेव्हा मामा निष्ठुरच वाटले.

त्या दिवशी मामा तार हातात घेऊन बराच वेळ कुंडीपुढे उभे होते. शेवटी त्यांनी ती पुरली आणि तांब्याभर पाणी घातलं. "पुस्तकात लिहिलंय," असं न विचारताच सगळ्यांना सांगितलं. मग रोज सकाळी तांब्या आणि रोज तेच वाक्य.

बाविसाव्या दिवशी अख्खा मजला त्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसला. मामांनी बटण फिरवलं आणि हात वर केला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत शांतता हवी होती. व्हॉल्व्ह तापले, काटा सरकवत सरकवत स्टेशन सापडलं, तोवर बातम्या संपून कुणीतरी सतार छेडायला बसलं होतं. आम्ही मुकाट्याने सतार ऐकली.

पुढे दोन-तीन महिन्यांनी एक व्हॉल्व्ह गेला आणि सेट दुरुस्तीला दुकानात पोचला. अर्थिंगची तार मामांनी उपसून, पुसून, खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर मामा तांब्या घेऊन कुंडीपाशी. जुन्या काटक्यांच्या बुडाशी मंजिऱ्यांतून पडलेल्या बियांची बोटभर रोपं आली होती.

"मामा, रेडिओ तर दुकानात आहे," मी म्हटलं. "माती कशाला ओली ठेवताय?"

पुस्तकाचं नाव त्यांनी काढलं नाही.

"जाताना ती म्हणाली होती, तुळशीला पाणी घाला. मला जमेना रे. तांब्या हातात घेतला की तीच उभी राहायची समोर. त्या तारेच्या निमित्ताने हात धजावला." त्यांनी धार अगदी हळू सोडली. "आता तारेवाचून जमतं का, ते बघतोय."